ब्रॉयलरच्या खाद्यात ऊर्जा वाढवताना: तेल, पूरकं आणि पचनाचा हिशेब

ब्रॉयलर पाळायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "वजन येत नाही? मग खाद्यात तेल वाढव." त्याच्या मागोमाग दुसरा येतो, पाण्यात घालायच्या एनर्जी टॉनिकचा. दोन्ही सल्ल्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते इतके पसरलेत. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की जे घातलं ते पक्ष्याच्या अंगी लागलंच. तसं होत नाही. ऊर्जा पचायला पक्ष्याचं वय, तेलाची जात, धान्याची भरड आणि आतड्याची तब्येत हे सगळं जुळून यावं लागतं. ब्रॉयलरच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो आणि खाद्याच्या खर्चात मोठा वाटा ऊर्जेचा. त्यामुळे इथे अंदाजाने काम करणं परवडत नाही.

हा लेख स्वतः खाद्य बनवणाऱ्यांसाठी किंवा तयार खाद्यात काही मिसळण्याचा विचार करणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पूरकं मुद्दामच उशिरा घेतली आहेत, कारण आधीच्या पायऱ्या चुकल्या असतील तर कुठलंही पूरक ते भरून काढत नाही.

पायरी १: एमईचा आकडा वाचायला शिका

खाद्यातली ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात. एखादा घटक प्रयोगशाळेत पूर्ण जाळला की त्यातली एकूण ऊर्जा कळते, पण तो आकडा आपल्या कामाचा नाही. लाकडाचा भुसाही जाळला तर भरपूर उष्णता देतो. कोंबडीसाठी वापरतात ती चयापचयी ऊर्जा, म्हणजे मेटाबोलायझेबल एनर्जी, सगळे तिला एमई म्हणतात. एकूण ऊर्जेतून विष्ठा आणि लघवीवाटे बाहेर गेलेली ऊर्जा वजा केली की एमई उरते. कोंबडीची विष्ठा आणि लघवी एकाच वाटेने, एकत्रच बाहेर पडते. दोन्ही वेगळ्या करून मोजणं अवघड असल्यामुळे कोंबडीच्या खाद्यात हेच माप रूढ झालं.

सुरुवातीला एवढे आकडे लक्षात असले तरी काम चालतं. चांगल्या मक्यात किलोमागे सुमारे ३,३५० किलोकॅलरी, ४८ टक्के प्रथिनांच्या सोया पेंडीत सुमारे २,४४०, नीट भाजलेल्या अख्ख्या सोयाबीनमध्ये सुमारे ३,३००, आणि सोयाबीन तेलात साधारण ८,८००. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९४ साली ब्रॉयलरच्या गरजांचे जे तक्ते काढले, त्यात ३,२०० किलोकॅलरीचं खाद्य धरून पहिल्या तीन आठवड्यांसाठी २३ टक्के, पुढच्या तीन आठवड्यांसाठी २० टक्के आणि त्यानंतर १८ टक्के प्रथिनं दिली आहेत. आजच्या व्यापारी जातींसाठी बहुतेक जण पिल्लांच्या खाद्यात ३,००० च्या आसपास सुरुवात करतात आणि फिनिशरपर्यंत (म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यापर्यंत) ३,१०० ते ३,२०० पर्यंत नेतात. तुमच्या जातीची पुस्तिका ब्रीडर कंपनी देते. शेवटचा शब्द तिचा माना.

तक्त्यातले आकडे मात्र चांगल्या, कोरड्या मालाचे असतात, आणि नवखे पालक इथेच पहिल्यांदा फसतात. मक्याचा ३,३५० हा आकडा साधारण ११ टक्के ओलाव्याचा आहे. तुम्ही घेतलेल्या मक्यात १५ टक्के ओलावा असेल, तर त्याच एका किलोत कोरडा माल कमी भरतो आणि ऊर्जा ३,२०० च्या आसपास येते. किलोमागे दीडशे किलोकॅलरी गेल्या. खाद्यात ६० टक्के मका असेल तर तयार खाद्यात किलोमागे ९० किलोकॅलरींची तूट पडली. हा ९० चा आकडा लक्षात ठेवा. पायरी ४ मध्ये तेवढेच मिळवायला किती तेल लागतं ते दिसेल. ओला मका घेऊन वरून तेल ओतण्यापेक्षा ओलावा मोजण्याचं साधं यंत्र घेणं शहाणपणाचं. ओल्या मक्याला बुरशी लागते, तिचं नुकसान आणखी वेगळं.

पायरी २: पिल्लाचं वय बघून ठरवा

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात उरलेला बलक असतो. पहिले काही दिवस त्याला तो पुरवणी म्हणून मिळतो. बलकातली ऊर्जा मुख्यतः चरबीतून येते. खाद्य सुरू झालं की पिल्लाला मक्याच्या स्टार्चवर यावं लागतं. हा बदल पिल्लू चांगला पेलतं, स्टार्च पचवण्याची ताकद त्याच्यात लवकर येते. अडतं ते तेलावर.

तेल पचायला तीन गोष्टी लागतात. पित्त तेलाचे बारीक थेंब करतं. स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे एन्झाइम त्या थेंबांवर काम करून फॅटी ॲसिड सुटी करतं. मग हे सगळं पित्ताच्या क्षारांबरोबर अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतं आणि शोषलं जातं. या सूक्ष्म गोळ्यांना मायसेल म्हणतात. लहान पिल्लात पित्ताचे क्षार कमी असतात आणि लायपेजही कमीच. वय वाढेल तशी दोन्हींची आवक वाढते आणि साधारण दुसरा आठवडा सरता सरता तेल बऱ्यापैकी पचू लागतं. म्हणजे मोठ्या पक्ष्यावर मोजलेला तेलाचा एमई आकडा चार दिवसांच्या पिल्लाला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याच्या पदरात कमी पडतं.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. पहिले दहा दिवस खाद्यात तेल एक ते दोन टक्क्यांपर्यंतच ठेवा आणि ते पातळ, असंतृप्त तेल असू द्या. या वयात ऊर्जेचा भार मका आणि चांगल्या सोया पेंडीवर टाका. खरं जास्त तेल पुढच्या टप्प्यात, तीन आठवड्यांनंतर, जेव्हा पक्षी ते पचवू शकतो आणि त्याला त्याची गरजही असते.

पहिल्या दिवसांत तेलापेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिल्लू लवकर खायला लागणं. आतड्याची वाढ खाद्य आत गेल्यावरच जोर धरते. पिल्लं सोडल्यानंतर २४ तासांनी शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी, म्हणजे क्रॉप, बोटांनी हलकेच दाबून बघा. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे, ओल्या पिठासारखी. कडक लागली तर पिल्लाने खाल्लंय पण पाणी कमी प्यायलंय. नुसती पाणीदार लागली तर उलट. रिकामी पिशवी बरीच सापडली तर ब्रूडरचं (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाचं) तापमान, उजेड आणि भांड्यांची मांडणी तपासा, टॉनिकची बाटली नंतर.

पायरी ३: तेल पारखून घ्या

तेल म्हटलं की सगळी तेलं सारखी, असं समजून स्वस्तातलं उचललं जातं. पचनाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे. सोयाबीन, सूर्यफूल, मका यांची तेलं असंतृप्त, थंडीतही पातळ राहणारी. ती सहज मायसेलमध्ये जातात. जनावरांची चरबी आणि पामतेलाचा घट्ट भाग यांत संतृप्त फॅटी ॲसिड जास्त, त्यांना पित्ताची मदत जास्त लागते आणि लहान पक्ष्यात ती नीट पचत नाहीत. असंतृप्त तेल थोडं सोबत असलं की संतृप्त चरबीचं पचनही सुधारतं. म्हणून घट्ट चरबी वापरायचीच असेल तर ती एकटी न वापरता सोयाबीन तेलाबरोबर मिसळून, आणि मोठ्या पक्ष्यांच्या खाद्यातच वापरा.

दुसरी बाब सुट्या फॅटी ॲसिडची. तेल शुद्ध करताना निघणारं ॲसिड ऑइल स्वस्त असतं, पण त्यात फॅटी ॲसिड आधीच सुटी झालेली असतात. लायपेजचं काम वाचलं, मग पचन सोपं होईल, असं वाटतं खरं. प्रत्यक्षात तेलाचा रेणू पचताना तयार होणारे मोनोग्लिसराइड मायसेल बनवायला मदत करतात, आणि ते ॲसिड ऑइलमध्ये फारसे मिळत नाहीत. शिवाय सुटी संतृप्त फॅटी ॲसिड आतड्यात कॅल्शियमला चिकटून न विरघळणारा साबण बनवतात. तेलही गेलं आणि कॅल्शियमही. खाद्यात चुनखडी गरजेपेक्षा जास्त पडली असेल तर हे नुकसान आणखी वाढतं. तेल कमी पचतंय अशी शंका आली की चुनखडीचं माप एकदा पुन्हा बघावं, हे फार कमी जण करतात.

तिसरी बाब खवटपणाची. खवट तेलात ऊर्जा तर घटतेच, पण ते खाद्यातलं ई जीवनसत्त्वही खाऊन टाकतं आणि आतड्याच्या अस्तराला त्रास देतं. पक्षी अशा खाद्यापुढे उभा राहतो आणि खात नाही. डबा घेताना थोडं तेल तळव्यावर चोळून गरम करा आणि वास घ्या. रंगकामाच्या तेलासारखा उग्र वास आला तर परत पाठवा. तळाशी गाळ किंवा पाणी साचलंय का, तेही बघा. मोठ्या प्रमाणावर घेत असाल तर प्रयोगशाळेतून पेरॉक्साइड व्हॅल्यू (खवटपणाचं माप), सुटी फॅटी ॲसिड, आणि ओलावा-गाळ-न पचणारा अंश या तिन्हींचा अहवाल मागा. जुन्या, बऱ्याच काळ पडून राहिलेल्या तेलात पेरॉक्साइडचा आकडा फसवाही असतो, कारण पेरॉक्साइड पुढे मोडून जातात आणि आकडा पुन्हा खाली येतो. त्यामुळे नाकाला रजा देऊ नका.

साठवण बंद टाकीत, सावलीत करा. तांब्याचे किंवा पितळेचे नळ, झडपा तेलाच्या वाटेत नकोत. तांब्याने तेल लवकर खवट होतं. अँटिऑक्सिडंट घालायचं तर तेल ताजं असताना. खवट झालेलं तेल त्याने सुधारत नाही.

तांदळाच्या कोंड्यात तेल भरपूर असतं म्हणून तो बरेच जण घेतात. त्यातलं स्वतःचं लायपेज दळल्याबरोबर कामाला लागतं आणि काही दिवसांतच कोंडा खवटतो. ताजा आणि उष्णतेने स्थिर केलेला असेल तरच घ्या, नाहीतर तेल काढलेला घ्या आणि त्यात ऊर्जा कमी आहे हे हिशेबात धरा. अख्खं सोयाबीन नीट भाजलेलं असेल तर मला फार आवडतं, कारण त्यात सुमारे १८ टक्के तेल आणि वर प्रथिनंही मिळतात. कच्चं मात्र कधीही घालू नका. त्यातला ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचं पचन अडवतो आणि स्वादुपिंड सुजवतो.

पायरी ४: तेल वाढवलं की प्रथिनंही सावरा

सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून सावकाश बघू.

समजा १०० किलो खाद्यात मका ६० किलो, सोया पेंड ३४ किलो, सोयाबीन तेल २ किलो आणि खनिजं, जीवनसत्त्वं, अमिनो ॲसिड वगैरे मिळून ४ किलो आहे. ऊर्जा मोजू. मक्याच्या २,०१,०००, पेंडीच्या ८२,९६०, तेलाच्या १७,६००. बेरीज ३,०१,५६०, म्हणजे किलोमागे सुमारे ३,०१६ किलोकॅलरी. प्रथिनं मोजू. मक्यात साडेआठ टक्के आणि पेंडीत साडेअठ्ठेचाळीस टक्के धरले तर सगळी मिळून सुमारे २१.६ टक्के. दर १,००० किलोकॅलरीमागे ७१.६ ग्रॅम प्रथिनं पडतात. हा शेवटचा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा.

आता वजन वाढावं म्हणून या १०० किलोत वरून आणखी २ किलो तेल ओतलं. खाद्य झालं १०२ किलो. ऊर्जा चढून ३,१२९ झाली, पण प्रथिनं उतरून २१.२ टक्क्यांवर आली आणि दर १,००० किलोकॅलरीमागे ६७.६ ग्रॅम उरली. खाद्यातली ऊर्जा वाढली की पक्षी थोडं कमी खातो. आजच्या जाती पूर्वीइतक्या काटेकोरपणे ऊर्जेच्या मापाने खात नाहीत, तरी कल तोच असतो. कमी खाल्लं आणि त्यातही प्रथिनं विरळ, म्हणजे स्नायू बनवायला माल कमी पडला. जास्तीची ऊर्जा पोटाखालच्या चरबीत जाऊन बसते. काट्यावर वजन दिसतं आणि सोलल्यावर हातात चरबीचा पिवळा गोळा येतो. जीवनसत्त्वं, लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो ॲसिड, फॉस्फरस हेही त्याच प्रमाणात पातळ होतात.

बरोबर पद्धत अशी: तेल २ वरून ४ किलो करा, पेंड ३४ वरून ३६ किलो करा, आणि मका ६० वरून ५६ किलोवर आणा. बाकी ४ किलो तसंच. पुन्हा मोजा. ऊर्जा ३,१०६, प्रथिनं २२.२ टक्के, आणि दर १,००० किलोकॅलरीमागे ७१.५ ग्रॅम. प्रमाण जवळपास जिथल्या तिथे राहिलं आणि ऊर्जा ९० किलोकॅलरींनी वाढली. पायरी १ मध्ये ओल्या मक्याने खाल्लेल्या त्याच ९०.

पुढे सरावलात की प्रथिनांच्या टक्क्यांऐवजी पचणाऱ्या लायसिनवर हाच हिशेब करा. तो जास्त नेमका पडतो. तयार खाद्य विकत घेऊन त्यात घरी तेल ओतू नका. बनवणाऱ्याने जे प्रमाण बसवलंय ते तुम्ही मोडता, आणि पुन्हा बसवायला तुमच्या हातात काही नसतं.

तेलाचे ऊर्जेपलीकडचेही फायदे आहेत. खाद्याची धूळ बसते. लिनोलेइक ॲसिड मिळतं, ज्याची ब्रॉयलरच्या खाद्यात सुमारे १ टक्का गरज असते. तेलामुळे खाद्य पचनमार्गातून थोडं सावकाश सरकतं, त्यामुळे स्टार्च आणि प्रथिनांनाही पचायला वेळ मिळतो. कडक उन्हाच्या दिवसांत तर तेलाला तोड नाही, कारण ते पचवताना आणि वापरताना पक्ष्याच्या अंगात उष्णता सर्वांत कमी तयार होते, प्रथिनं वापरताना सर्वांत जास्त. गरमीत पक्षी कमी खातो, तेव्हा कमी घासात जास्त ऊर्जा देण्याचा तोच मार्ग.

पायरी ५: दळणं आणि मिसळणं

मक्याचं पीठ करू नका. कोंबडीला दात नाहीत, भरडण्याचं काम गिझर्ड, म्हणजे पोटाचा जाड स्नायूंचा भाग, करतो, आणि त्याला काम दिलं तरच ते बळकट होतं. खाद्यात थोडी भरड असली की गिझर्ड खाद्य जास्त वेळ धरून ठेवतं, त्यात आम्ल नीट मुरतं आणि पुढे आतड्यात पचन चांगलं होतं. अगदी पिठासारखं खाद्य गिझर्डमधून घरंगळत निघून जातं. मेलेला पक्षी उघडलात तर गिझर्ड बघा. भिंत जाड, घट्ट हवी. पातळ आणि फुगलेल्या पिशवीसारखं दिसलं तर दळणयंत्राची चाळणी बदला.

मिसळताना क्रम महत्त्वाचा. आधी सगळा कोरडा माल. प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण), मीठ, अमिनो ॲसिड असे थोडक्या वजनाचे घटक सरळ मिक्सरमध्ये टाकू नका. काही किलो मका भरड्यात आधी हाताने सारखे करून मग टाका. कोरडं मिश्रण एकसारखं झाल्यावरच तेल सोडा, बारीक धारेने किंवा फवाऱ्याने, फिरत्या मिक्सरमध्ये. तेल आधी पडलं की त्याच्या गुठळ्या होतात, आत प्रीमिक्स अडकतं, आणि एका पक्ष्याला भरपूर तर दुसऱ्याला काहीच नाही. थंडीत घट्ट होणारी चरबी कोमट करून वापरा. मिक्सरच्या पात्यांवर आणि कोपऱ्यांत तेलकट थर बसतो, तो खरवडून काढत जा, नाहीतर तोच खवट होऊन पुढच्या खाद्यात उतरतो.

पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या) बनवत असाल तर मिक्सरमध्ये ३ टक्क्यांच्या वर तेल गेलं की पेलेट ठिसूळ होऊ लागतात. उरलेलं तेल तयार पेलेटवर बाहेरून फवारतात. पेलेट बनवताना तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की साधी एन्झाइम टिकत नाहीत, म्हणून उष्णता सोसणारी किंवा नंतर फवारायची एन्झाइम घ्यावी लागतात.

पायरी ६: आता पूरकं

इमल्सिफायर. तेलकट भांडं गार पाण्याखाली धरलं तर पाणी नुसतं ओघळून जातं, आतड्यातही तेल आणि पाण्याचं तेच भांडण असतं. पित्त ते मिटवतं. जिथे पित्त अपुरं पडतं तिथे बाहेरून मदत द्यायची ही यामागची कल्पना. सोया लेसिथिन, त्याच्यावर एन्झाइमची प्रक्रिया केलेलं लायसोलेसिथिन, आणि काही कृत्रिम पदार्थ यासाठी वापरतात. लायसोलेसिथिनमधलं एक फॅटी ॲसिड काढून टाकलेलं असतं, म्हणून ते पाण्यात जास्त चांगलं मिसळतं, आणि आतडं हे पाण्याचंच घर आहे. लहान पिल्लं, संतृप्त चरबी, आणि जास्त तेल या तीन ठिकाणी इमल्सिफायरचा उपयोग दिसण्याची शक्यता जास्त. खाद्यात दीड टक्का ताजं सोयाबीन तेल असेल आणि पक्षी महिन्याचे असतील, तर पैसे वाचवा. लेसिथिन स्वतःही ऊर्जा देतं, ती हिशेबात धरायला विसरू नका. पित्ताम्लांची पूरकंही मिळतात. कामाची जागा तीच.

एन्झाइम. इथे धान्य बघून निर्णय घ्यायचा. गव्हात अरॅबिनोझायलन आणि जवात बीटा-ग्लुकन नावाचे तंतू असतात. ते आतड्यात पाणी धरून चिकट खळ तयार करतात. एन्झाइम अन्नापर्यंत पोहोचत नाहीत, विष्ठा चिकट होते, आणि सर्वांत आधी मार बसतो तो तेलाच्या पचनाला. अशा खाद्यात झायलनेज आणि बीटा-ग्लुकनेज जवळजवळ अनिवार्य समजा. निव्वळ मका-सोया खाद्यात चिकटपणा कमी असतो, त्यामुळे फायदाही माफक. गवार पेंड किंवा खोबऱ्याची पेंड वापरत असाल तर मॅननेज बघा. फायटेज मात्र कुठल्याही धान्यावर उपयोगी; किलोमागे ५०० युनिट हे रूढ प्रमाण. ते धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकात अडकलेला फॉस्फरस सोडवतं, आणि फायटेटमुळे प्रथिनांच्या पचनाला होणारा अडथळाही कमी करतं. फायटेज घातल्यावर कॅल्शियम आणि फॉस्फरस कमी केलं नाही तर त्याचा निम्मा अर्थ गेला.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. प्रत्येक एन्झाइमच्या आणि इमल्सिफायरच्या पत्रकावर तो किती किलोकॅलरी वाचवतो याचा आकडा असतो, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. तीन उत्पादनं वापरून तिन्हींचे आकडे बेरजेत धरू नका. खाद्यातला न पचलेला भाग मुळात मर्यादित आहे आणि तिघं त्याच भागावर काम करतात. पहिल्याने जे सोडवलं ते दुसऱ्याला पुन्हा सोडवता येत नाही. नवख्याने पत्रकातल्या आकड्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवून सुरुवात करावी.

ग्वानिडिनोॲसेटिक ॲसिड. हे पचन सुधारत नाही, त्याचं काम पेशींच्या आत. शरीर त्यापासून क्रिएटिन बनवतं, आणि क्रिएटिन म्हणजे स्नायूतला ऊर्जेचा तातडीचा साठा. क्रिएटिन फक्त प्राणिजन्य खाद्यातून मिळतं, म्हणून पूर्ण शाकाहारी खाद्यावरच्या ब्रॉयलरमध्ये याला जागा आहे. टनाला ६०० ग्रॅम हे प्रचलित प्रमाण. शरीर एरवी ते आर्जिनिन या अमिनो ॲसिडपासून बनवतं, त्यामुळे आर्जिनिनची बचत होते. मात्र क्रिएटिन बनवताना मेथिओनिनकडून येणारे मिथाइल गट खर्च होतात, म्हणून मेथिओनिन तुटपुंजं असेल तर आधी ते पुरं करा.

ग्लिसरॉल बायोडिझेलच्या कारखान्यातून निघतं आणि ऊर्जा चांगली देतं. पाच टक्क्यांपर्यंत ठीक. फार झालं की पक्षी जास्त पाणी पितात आणि लिटर (शेडच्या जमिनीवर अंथरलेला भुसा) ओलं होतं. मिथेनॉल आणि मीठ किती उरलंय याचा अहवाल असल्याशिवाय घेऊ नका. एल-कार्निटिनबद्दल निकाल इतके उलटसुलट आहेत की नवख्याने त्याच्या मागे लागू नये.

आणि पाण्यातलं ग्लुकोज? लांबचा प्रवास करून आलेल्या पिल्लांना पहिले काही तास, खाद्य सोबत ठेवून, चालेल. दिवसेंदिवस दिलं तर नळीत आणि निपलमध्ये (पाणी प्यायच्या तोटीत) बुळबुळीत थर बसतो, जंतू पोसले जातात, आणि विष्ठा पातळ होते. उन्हाळ्यात पक्ष्याला पाण्यातून हवे असतात ते क्षार, आणि पाणी गार.

पायरी ७: पचतंय का ते बघा

सकाळी शेडमध्ये गेल्यावर लिटरवरची ताजी विष्ठा बघा. चांगली विष्ठा घट्टसर, तपकिरी, वर पांढरी टोपी असलेली. तेलकट चकाकी, कागदावर टाकल्यावर उमटणारा तेलाचा डाग, नारिंगी शेंबडासारखा भाग, खाद्याचे ओळखू येणारे तुकडे, यांतलं काहीही बऱ्याच ठिकाणी दिसलं की पचन बिघडलंय.

अशा वेळी पूरक शोधायला धावू नका. आधी कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी तपासून घ्या. तो आतड्याचं अस्तर उसवतो आणि तेलाचं शोषण लगेच घसरतं. पायांचा, कातडीचा पिवळेपणाही फिका पडतो, कारण तो रंगही तेलाबरोबरच शोषला जातो. दुसरा संशयित अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. ते यकृताला धरतं, पित्त आणि लायपेज दोन्ही कमी करतं, आणि न पचलेलं तेल विष्ठेत दिसू लागतं. पशुवैद्याकडून दोन-चार पक्षी उघडून तपासून घ्या आणि मक्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. लिटर नुसतं ओलं असेल तर मीठ जास्त पडलं का, निपल गळतंय का, हेही बघा.

खाद्यातला बदल उपयोगी पडला का हे ठरवायला मागच्या बॅचशी तुलना करू नका. हवामान वेगळं, पिल्लं वेगळी, मका वेगळा. एकाच बॅचमध्ये, एकाच शेडमध्ये जाळी लावून कप्पे करा. निदान चार कप्पे जुन्या खाद्याचे आणि चार नव्याचे, आलटून पालटून, म्हणजे पंख्याजवळचा फायदा एकाच गटाला मिळणार नाही. पिल्लं मोजून सारखी सोडा, खाद्य तोलून द्या, दर आठवड्याला वजन घ्या, मेलेल्या पक्ष्याचं वजनही त्या दिवशी लिहा.

शेवटी नुसता एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागलेलं खाद्य) बघून खूश होऊ नका. एक किलो वजनाला किती किलोकॅलरी लागल्या ते काढा. समजा ३,०१६ च्या खाद्यावर एफसीआर १.६० आला आणि तेल वाढवलेल्या ३,१०६ च्या खाद्यावर १.५६. दुसरा सरस दिसतो. गुणाकार करा: पहिल्यात एका किलोला ४,८२६ किलोकॅलरी, दुसऱ्यात ४,८४५. म्हणजे पक्ष्याने ऊर्जा तेवढीच वापरली, फक्त ती कमी वजनाच्या खाद्यातून आली. अशा वेळी एक किलो वजनामागे खाद्यावर प्रत्यक्ष किती पैसे गेले ते दोन्ही गटांसाठी काढा आणि स्वस्त पडेल ते खाद्य ठेवा. इमल्सिफायर किंवा एन्झाइम घातलेल्या गटात हा किलोकॅलरींचा आकडा बहुतेक कप्प्यांत खाली आला, तरच त्या पूरकाने पचन सुधारलं असं धरा आणि पुढच्या बॅचमध्ये खाद्यातलं तेल थोडं कमी करून तीच चाचणी पुन्हा लावा.